तंजावरच्या गाडीवाल्या अण्णांना, टॉर्चबद्दल आभार

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माहीत असूनही हे पत्र मराठीतच लिहितोय. तुमच्या गल्लीत एक आजी घरात अजून तंजावरी मराठी बोलतात असं तुम्ही म्हणाला होतात, त्यांच्याकडून समजून घ्या. पत्र उघड ठेवलंय, कारण इथून तंजावरला निघालेल्या आपल्या माणसांनाही ते उपयोगी पडावं.

आधी एक राग बाहेर काढतो. तुमच्या आधी एका यात्रावाल्यांनी तंजावरच्या आसपासची हीच सगळी देवळं 'एका दिवसात पाच' अशी दाखवली होती. पहिल्याच दाराशी गाडी पोचली दुपारी पाऊण वाजता. गाभारे साडेबाराच्या सुमाराला बंद होतात आणि चारला उघडतात, हे तमिळनाडूतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते पैसे घेणाऱ्याला ठाऊक नसावं? वर 'कळस बाहेरून दिसतोच की' हे उत्तर. आणि त्या कळसाची सावली जमिनीवर पडत नाही, ही थाप. तुम्ही मात्र सकाळी साडेसातला तंजावरच्या बृहदीश्वराच्या विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, पश्चिमेच्या फरशीवर उभं केलंत आणि बोट खाली केलंत. सावली लांबलचक पसरली होती. ६६ मीटर उंचीचं ग्रॅनाइटचं शिखर सूर्यासमोर उभं आहे म्हटल्यावर सावली पडणारच. भर दुपारी ती आखडून पायथ्याशी गोळा होते, म्हणून ही गोष्ट निघाली असावी. इ. स. १०१० मध्ये पुरं झालेलं, राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ. त्याला खोट्या चमत्काराचा टेकू कशाला हवा?

तुमचं वेळापत्रक मात्र दारांच्या वेळा धरून बेतलेलं. लांबचं आधी, जवळचं नंतर. पहाटे साडेपाचला तंजावर सोडून सत्तरेक किलोमीटरवरचं गंगैकोंडचोळपुरम गाठायचं, म्हणजे आवार रिकामं मिळतं. तिथे उत्तरेच्या दाराजवळ शंकर आपल्या भक्ताच्या, चंडेशाच्या, मस्तकाला हाताने माळ गुंडाळतोय. ते शिल्प आधी दाखवलंत, शिखर नंतर. राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, वडिलांपेक्षा कमी उंच, ५५ मीटरांचं शिखर बांधलं आणि त्याच्या कडांना आत झुकणारा बाक दिला. तंजावरचं सरळ रेषेत चढतं. दोन्ही लागोपाठ पाहिली की हा फरक सांगावा लागत नाही.

बंद दारांचे दुपारचे तास लोक हॉटेलात झोपून काढतात. तुम्ही ते स्वामीमलैच्या, धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या शाळेत नेऊन सोन्याचे केलेत. मधमाशीच्या मेणात राळ आणि थोडं तेल मिसळून मूर्ती घडवायची. तिच्यावर पहिला हात कावेरीच्या काठच्या अगदी बारीक गाळाचा, कारण बोटांची नखं आणि दागिन्यांच्या कडा तोच उचलतो. तो सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर तडकतो आणि ती तड पुढे धातूत उतरते. मग जाड मातीचे थर, वरून लोखंडी तारेने आवळायचं, भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या जागेत रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती होत नाही. कारागिराच्या कामात लुडबूड न होता हे कुठे उभं राहून बघायचं, तेही तुम्हाला माहीत होतं.

दारासुरम चारनंतर. कुंभकोणमपासून चारेक किलोमीटर. दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं हे देऊळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात आवारात पाणी तुंबतं आणि शेवाळावरून माणूस घसरतो. त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी जपून. इथलं काम बारीक, काही शिल्पं तर तळहाताएवढी. मान वर करून भराभर चालणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोकं असलेलं शिल्प दाखवताना तुम्ही खांद्यावरचा पंचा दोन हातांत ताणून आधी एक धड झाकलंत, मग दुसरं. बैल दिसला, मग हत्ती. दगडाला बोट लावलं नाहीत.

कल्लणैबद्दल एवढंच, की तुम्ही 'आत्ता नको' म्हणालात ते बरं केलंत. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा तो बंधारा कावेरीत पाणी असतानाच बघावा. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जूनला उघडतात, धरणात साठा असला तर. पाणी खाली पोचायला काही दिवस जातात. एप्रिल-मेमध्ये तिथे वाळूच दिसते. समुद्रकाठच्या कोडियक्करै अभयारण्यातली काळविटं आणि रोहित पक्षी हवे असतील तर थंडीत या, पहाटे चारला निघा आणि पाणी-खाणं बरोबर घ्या, हेही तुमचंच सांगणं.

पण अण्णा, हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते वेगळंच आहे.

बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येला भिंतीवर मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, देवनागरी अक्षरांतला. एकोजी राजांपासून, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून, १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले राजे होते, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. इथे तेच ओळींमागून ओळी दगडावर आहे. यात्रावाल्यांनी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

अक्षरं उथळ आहेत. समोरून प्रकाश टाकला की दगड सपाट दिसतो आणि वाचता काहीच येत नाही. मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेले फोटो म्हणूनच वाया जातात. तुम्ही संध्याकाळी, त्या भिंतीवरचं ऊन गेल्यावर नेलंत. चारला दार उघडतं, पण ग्रॅनाइट दिवसभराची उष्णता धरून ठेवतो, फरशी साडेपाचपर्यंत पाय भाजते. पांढरा पट्टा रंगवलेला असतो त्यावरून चालावं, तो कमी तापतो, पण पावसात तोच निसरडा होतो. तुम्ही गाडीतल्या कापडी पिशवीतून धुतलेले जाड सुती मोजे काढून दिलेत. चप्पल बाहेर ठेवूनही आमची माणसं तासभर उभी राहू शकली ती त्या मोज्यांमुळे.

मग टॉर्च काढलात. ती भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरलीत, डावीकडून. कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरली आणि काही नसलेल्या दगडातून ओळ वर आली. आमच्यातल्या ज्येष्ठांना जोडाक्षरं सावकाश लागत होती. जुनं लिखाण, शब्द सुटे तोडलेले नाहीत. तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत होतात. ओठ थांबले की टॉर्च थांबायची, हलले की बोटभर पुढे सरकायची. ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला. हात अवघडला की दुसऱ्या हाताने मनगट धरायचात. ज्या लिपीतलं एक अक्षर आपल्याला कळत नाही, ती दुसऱ्याला वाचता यावी म्हणून पाऊण तास असा हात धरून उभं राहणं! कुणी सांगितलं नव्हतं, भाड्यात ते धरलेलं नव्हतं, आणि आठ वाजता घरी पोचायचं होतं हे तुम्ही नंतर, गाडीत, बोलता बोलता सांगितलंत.

मध्येच एका शब्दापाशी तुम्ही विचारलंत, हे काय? सरफोजी, असं सांगितल्यावर चेहरा उजळला. 'सरबोजी महाराजा!' त्यांच्या नावाचं कॉलेज गावात आहे, सरस्वती महाल ग्रंथालयावरून तर तुम्ही रोज गाडी नेता. त्यानंतर तुम्ही ती चार अक्षरं टॉर्चच्या उजेडात बराच वेळ बघत राहिलात.

माणुसकी म्हणजे काय यावर लोक खूप बोलतात. मला आता फक्त ते भिंतीला टेकवलेलं मनगट आठवतं आणि गळा दाटून येतो.

पत्राबरोबर एक कागद आहे. त्यावर सरफोजी, एकोजी आणि शहाजी ही नावं वर देवनागरीत आणि खाली तमिळ अक्षरांत मोठी लिहून दिली आहेत. पुढच्या वेळी कुणा मराठी माणसाला घेऊन त्या भिंतीशी उभे राहाल, तेव्हा नावं तुम्हीच दाखवा. मोज्यांचे सहा जोडही पाठवतोय. दोन लहान मापाचे आहेत. मुलांच्या पायाचे तुमच्या पिशवीत नव्हते.

तुमचे ऋणी,
महाराष्ट्रातून आलेले तुमचे प्रवासी