काकांचा सेट वाजतोय, नवा घेऊ नकोस

पुणे
रविवार रात्र

प्रिय नंद्या,

तू पाठवलेले पैसे तसेच आहेत, उद्या परत पाठवतो. ब्लूटूथ स्पीकर मी घेतलाच नाही. "बाबांचा सेट गेला, दुकानदार म्हणतो पार्ट मिळत नाहीत, तू सरळ नवीन काहीतरी घेऊन दे," असं तू म्हणालास तेव्हा मी हो म्हटलं होतं. पण घेण्याआधी एकदा बघून यावं म्हणून मागच्या रविवारी कोथरूडला गेलो, आज पुन्हा गेलो, आणि आता सेटवर रेडिओ, सीडी, कॅसेट तिन्ही चालू आहेत. फोनवर तू कायम घाईत असतोस, म्हणून काय काय केलं ते सविस्तर लिहितोय. हे पत्र जपून ठेव. पुढच्या वेळी मी गावाला असलो तर तुला फोनवरून काकांना सांगता येईल.

आधी डाव्या स्पीकरचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. काका म्हणाले, "मला आताशा डावीकडून कमीच येतं रे." काकूंनी सांगितलं की गेले सहा महिने ते खुर्ची तिरकी करून उजवा कान पुढे करून बसतात. मी सहज त्यांच्या खुर्चीत बसलो, तर मलाही डावीकडून काहीच ऐकू येईना! कान नव्हे, स्पीकरच मुका होता. आणि काकांनी कोणालाही न सांगता तो दोष स्वतःच्या वयावर घेतला होता. नंद्या, मला बराच वेळ काही बोलायला सुचलं नाही.

अशा वेळी काय बघायचं ते नीट लक्षात घे. सेट बंद कर, प्लग काढ. डाव्या स्पीकरची वायर मागून काढून उजव्याच्या जागी लाव आणि चालू करून बघ. तो स्पीकर तिथे बोलला, तर सेटची डावी बाजू गेली. तिथेही गप्पच राहिला, तर सेट ठीक, दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. आपला गप्पच राहिला. मग उजव्या स्पीकरची चांगली वायर त्याला जोडली आणि तो खणखणीत वाजला. म्हणजे वायर. टोक बघितलं तर तांब्याच्या तारा हिरवट-काळ्या पडलेल्या, आणि मागच्या स्प्रिंगच्या खटक्यात तार कमी, वरचं प्लास्टिकच जास्त अडकलेलं. बोटभर तुकडा कापला, नवीन तार सोलली, पीळ दिला आणि खटक्यात बसवली. बाकी काहीच करावं लागलं नाही.

पहिल्यांदा बसवताना मात्र केसाएवढी एक तार सुटून शेजारच्या खटक्याला टेकली होती. सेट चालू केला तर पडद्यावर 'प्रोटेक्ट' आलं आणि तो आपोआप बंद झाला. छातीत धस्स झालं. पण तो बिघाड नव्हे. दोन तारा एकमेकींना लागल्या की आतला ॲम्प्लिफायर जळू नये म्हणून सेट स्वतःला बंद करतो. प्लग काढला, ती सुटी तार कापली, थोडं थांबून पुन्हा लावला आणि सुरू झाला. असं कधी दिसलं तर आधी मागच्या तारा बघायच्या, दुकानात धावायचं नाही.

लाल खटक्याची तार स्पीकरच्या लालला, काळ्याची काळ्याला, हेही बघून घेतलं. एका स्पीकरला उलटं लागलं तरी आवाज येतोच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण एका स्पीकरचा पडदा बाहेर जातो तेव्हा दुसऱ्याचा आत, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तबल्यातला डग्गा पोकळ वाटतो.

सीडी लावली की 'नो डिस्क' येत होतं. वरचं झाकण उघडलं की हरभऱ्याएवढं निळसर भिंग दिसतं ना, त्यावर धुरकट थर बसला होता. देवघर त्याच खोलीत, उदबत्ती रोजची, म्हणजे नवल नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापसाची काडी जेमतेम ओली केली आणि भिंगावरून अलगद फिरवली. दाबायचं अजिबात नाही, कारण भिंग अगदी नाजूक तारांवर तरंगत असतं. अत्तर, नेलपॉलिश काढायचं पाणी असलं काही वापरायचं नाही. आणि प्लग काढल्याशिवाय तिथे डोकावायचं नाही. तिथला लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, पण असतो. सीडी स्वतः पुसायची तर मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. माहिती गोल मार्गाने लिहिलेली असते. त्याच दिशेने चरा पडला तर सलग मोठा तुकडा जातो आणि सेटला तो भरून काढता येत नाही.

कॅसेटचं काम सगळ्यात मोठं. काकांनी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या मैफली सुरांत हलत होत्या, आणि ते कुठे सगळ्यात जास्त कळतं माहीत आहे? तंबोऱ्यात. गायक आंदोलन घेतोय म्हणून फसायला होतं, पण तंबोरा एकसारखाच वाजायला हवा. तो डुलला की टेपचा वेग डुलतोय हे नक्की. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर चालायला हवी आणि ती चाल मोटरपासून एका रबरी बेल्टने येते. स्क्रू काढून डेक उघडला तर बेल्ट सैल होऊन चिकट झालेला, बोटाला डांबरासारखा काळा लागला. शनिवारी गाडी मंडईजवळ लावून चालत तपकीर गल्लीत गेलो, जुना बेल्ट पिशवीत घालून नेला. जुना ताणलेला असतो, म्हणून नवीन त्याहून किंचित लहान घ्यायचा. पुलीवरचा जुना चिकटा अल्कोहोलने पूर्ण काढला, नाहीतर नवीन बेल्ट घसरतो. टेपवरचा आवाज वाचणारं हेड आणि टेप ओढणारा रबरी रोलरही पुसून घेतला. रोलरवरून कापूस तपकिरी होऊन आला. तिथेच टेप चिकटून गुंडाळली जात होती.

कॅसेट घातली. काका डोळे मिटून बसले होते. तंबोरा सुरू झाला आणि ते एवढंच म्हणाले, "लागला." काकूंचा पोह्यांचा झारा तिकडे हातातच राहिला.

काकूंना हवा होता सकाळचा रेडिओ. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं, पण नुसती खरखर येत होती. चौकोनी लूप अँटेना सेटच्या मागे, मोबाइलच्या चार्जरला चिकटून पडली होती. चार्जर काढला, अँटेना खिडकीकडे वळवली, तर निवेदिका स्पष्ट. आता भिंतीवर खिळा मारून टांगली आहे. विविध भारती १०१ एफएमवर. एफएमच्या अँटेनाची वायर गुंडाळून रबरबँड लावून ठेवली होती, ती पाऊण मीटर सरळ पसरून भिंतीला चिकटवली. या लहरीची लांबी साधारण तीन मीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणून पाऊण मीटर. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि सवाई गंधर्व महोत्सवही त्याच वर्षी, हे मला आज काकांनी सांगितलं. त्यांच्या बोलण्यात तेच दोन विषय आहेत आणि दोन्ही या सेटमधून त्यांच्या खोलीत येतात. म्हणूनही मी तुला नवीन घेऊ नकोस म्हणतोय.

तुला फोनवरची गाणी लावायचीच असतील, तर मागे 'ऑक्स'ची दोन भोकं आहेत. तिथे जोडायची केबल तपकीर गल्लीतूनच आणून ठेवली आहे. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेव आणि कमी-जास्त सेटवर कर. फोन चार्जिंगला असताना गुणगुण आली, तर चार्जर काढ. शोकेसमध्ये चेपलेले स्पीकर मी बाहेर काढून खुर्चीसमोर कानाच्या उंचीवर, दोघांत पाच-सहा फूट अंतर ठेवून मांडले आहेत. काकूंना ती मांडणी आवडलेली नाही, त्यांच्या बाहुल्या हलवाव्या लागल्या. त्यांच्याशी तूच बोल.

काकांनी खुर्ची पुन्हा सरळ केली आहे. तरी कानाची तपासणी करून घेऊ असं मी त्यांना म्हणालो आणि ते चक्क तयार झाले. शुक्रवारी अकराला मी घेऊन जातोय, काय होतं ते त्याच दिवशी संध्याकाळी कळवतो.

तुझा,
सुहास