गुरुवारची गोळी

चि. मनू,

पोचल्याचा मेसेज मिळाला. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून लिहितोय.

रविवारी तुझी डबी उघडून गोळ्या मोजत बसलो, ते चुकलंच माझं. गुरुवारच्या कप्प्यात गोळी तशीच दिसली आणि पुढचं काही सुचेना. तू आंघोळीहून आलीस, हातातून डबी घेतलीस, तिला रबरबँड लावलास आणि बॅग भरायला लागलीस. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं. थालिपीठं तशीच राहिली. आईही जेवली नाही.

झोप लागते ना? हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

पण दोन वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर डोळ्यांपुढून जात नाही गं. पहाटे तीनला खुडबुड ऐकून उठलो, तर तू मांडणीवरची सगळी भांडी खाली काढून लहानमोठी लावत होतीस. एवढी खुशीत होतीस की मीही शेजारी बसून तुला वाट्या देत राहिलो. जागरणाची चौथी रात्र होती ती. मला वाटलं, पोरगी उत्साहात आहे. फेब्रुवारीत तू केस विंचरायलाही उठत नव्हतीस. आई मागे बसून एकेक बट सोडवायची. बायपोलरमध्ये जागरणाने मन चढतं आणि चढलं की झोपच उडते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा त्या वाट्या आठवल्या.

तेव्हा लिथियम, म्हणजे ती डबीतली गोळी, मनाने बंद करायचं नाही, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच. तपासणीसाठी रक्त द्यायला शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी जायचं. जुलाब-उलट्या झाल्या, खूप घाम गेला, की अंगातलं पाणी कमी होऊन औषधाचं प्रमाण वाढतं, लगेच कळवायचं. अंग दुखलं म्हणून परस्पर ब्रुफेन घ्यायची नाही. आमच्याशी बोलावंसं वाटलं नाही तर १४४१६, सरकारी टेलिमानस हेल्पलाइन, रात्री-अपरात्रीही घेतात.

पुन्हा उपदेशच करत बसलो. माफ कर. यातलं निम्मं तर मी तुझ्याच वहीतून शिकलोय.

आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायचे. आम्ही ठाण्याचेच, म्हणून पाहुणे आले की हमखास. मीही हसायचो. १९०१ सालापासूनचं इथलं मनोरुग्णालय, पण घरात त्याचं नाव काढायचं नाही. नानाकाकाला तिथे नेलं तेव्हा दादांनी वाड्यात 'गावाला गेलाय' म्हणून सांगितलं. आणि तू नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात आपणहून साहेबांना सांगितलंस, मला बायपोलर आहे, रात्रपाळी जमणार नाही. आईने हे सांगितलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, बराच वेळ.

तलावपाळीच्या चकरा आठवतात? पहिल्या दिवशी गडकरी रंगायतनपाशीच कठडा धरून थांबलीस. डोक्यात कल्लोळ झाला की तू नुसती पावलं मोजायचीस. मी काहीतरी बोलायचो, की पुन्हा एकपासून. "बाबा, बोलू नकोस ना." मी गप्प चालायला शिकलो, तेव्हा कुठे तुझी अख्खी फेरी व्हायला लागली. हे मी रविवारी विसरलो.

काल एकटाच जाऊन आलो. दाणेवाल्याने विचारलं, ताई कुठे? पुण्याला नोकरीला असते म्हटलं. तरी सवयीने त्याने दोन पुड्या बांधल्या. तुझी पुडी आणि भाजणी शनिवारी आत्याबरोबर येईल.

गोळ्यांचं आता विचारणार नाही. दिवा मालवताना नुसता एक अंगठा पाठवत जा. नाही पाठवलास तरी चालेल. पण साडेदहापर्यंत आला तर बरं.

तुझा
बाबा