लाउडनचे उदाहरण देताना तिथला करही सांगा

मा. संपादक,
स. न.

नवी मुंबईत नवे डेटा सेंटर (इंटरनेटची माहिती साठवणाऱ्या सर्व्हर-संगणकांची इमारत) येणार अशी बातमी आली, की अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) नाव हमखास निघते. ‘डेटा सेंटरमुळे अमेरिकेतली सर्वांत श्रीमंत झालेली काउंटी’ असे तिचे वर्णन केले जाते. ती श्रीमंत आहे हे खरे, पण कारण उलटे सांगितले जाते. शिवाय सर्व्हरवरच्या ज्या वार्षिक करामुळे तिचे गणित जमते, त्याचा उल्लेख सहसा होत नाही.

लाउडन वॉशिंग्टनच्या वायव्येला आहे आणि आकाराने बृहन्मुंबईच्या दुपटीहून थोडी मोठी. १९६२ मध्ये डलस विमानतळ सुरू झाला (टेक्सासमधले डॅलस वेगळे), तेव्हा हा दूधदुभत्याचा मुलूख होता. १९७० च्या जनगणनेत इथे ३७,१५० माणसे मोजली गेली. १९९० मध्ये ८६,१२९, २००० मध्ये १,६९,५९९, २०१० मध्ये ३,१२,३११ आणि २०२० मध्ये ४,२०,९५९. म्हणजे वाढीचा दर एका दशकात ९७ टक्के, पुढच्या दशकात ८४ आणि त्यानंतर ३५ टक्क्यांवर आला. टक्केवारीवर जाणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की २००१ ते २०११ या काळात आपला तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हाही ३६ टक्क्यांनीच वाढला होता. फरक असा, की ठाण्यात त्या दहा वर्षांत २९ लाख माणसे वाढली आणि लाउडनमध्ये २०१० नंतरच्या दहा वर्षांत १ लाख ९ हजार. शाळा, नळ आणि रस्ते माणसांना पुरवायचे असतात, टक्क्यांना नव्हे.

आता श्रीमंतीचा आकडा. जो छापला जातो तो मध्यक कुटुंब-उत्पन्नाचा असतो. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या सरकारी पाहणीत तो सुमारे १ लाख ७० हजार डॉलर आहे. मध्यक म्हणजे सरासरी नव्हे, निम्मी कुटुंबे त्याच्या वर आणि निम्मी खाली. शिवाय हे कुटुंबाचे उत्पन्न आहे. लाउडनमध्ये एका घरात सरासरी तीन माणसे राहतात, देशात अडीचच्या आसपास. अनेक घरांत दोघेही कमावतात. दरडोई उत्पन्न काढले तर पोटोमॅक नदीच्या काठावरची आर्लिंग्टन काउंटी लाउडनच्या पुढे जाते, कारण तिथे एकेकटे राहणारे पगारदार जास्त. त्यातच हीच पाहणी एका वर्षाचीही असते, पण ती फक्त ६५ हजारांवर लोकसंख्या असलेल्या भागांसाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे छोट्या काउंट्या त्या यादीत नसतातच. ‘पहिला क्रमांक’ छापताना पाहणी एक वर्षाची की पाच वर्षांची, हे लिहायला हवे. नाहीतर दोन बातम्यांत दोन आकडे येतात आणि वाचकाला दोन्ही खोटे वाटतात.

महत्त्वाचे म्हणजे लाउडन २००७ च्या सुमारासच या यादीत पहिली होती. डेटा सेंटरची मोठी लाट त्यानंतरची आहे. पगार आले ते संघराज्य सरकारची कंत्राटे, दूरसंचार आणि सॉफ्टवेअर यांतून. त्या पगारांमागे तरुण कुटुंबे आली. २००० मध्ये आशियाई वंशाचे लोक वीसात एक होते, आज ते पाचात एकाहून अधिक आहेत. त्यांत भारतीय बरेच, आणि आपली मराठी मंडळीही आहेत. ६५ वर्षांवरचे फक्त दहा-अकरा टक्के, तर १८ वर्षांखालची मुले पाव भागाहून जास्त. अशा वस्तीचा खर्च शाळांवर होतो. इथल्या सार्वजनिक शाळांत ८० हजारांवर मुले आहेत. व्हर्जिनियात शाळा मंडळाला स्वतःचा कर लावता येत नाही, आणि काउंटी जितकी सधन तितकी राज्याची मदत कमी. बराचसा भार काउंटीच्या मालमत्ता करावर पडतो.

डेटा सेंटरचा संबंध येतो तो इथे. लाउडनमधल्या ॲशबर्नच्या रस्त्यांवर एका बाजूला जोडघरांच्या रांगा आणि शाळेची पिवळी बस, तर दुसऱ्या बाजूला बिनखिडकीची करडी इमारत दिसते, छतावर शीतयंत्रे आणि मागे डिझेल जनरेटरची ओळ. आत कामाला माणसे थोडी, म्हणजे शाळेत जाणारी मुले जवळजवळ नाहीत. पण आतल्या सर्व्हरवर काउंटी दरवर्षी कर घेते, आणि हा कर इमारतीवरच्या करापेक्षा वेगळा आहे. पद्धत अशी: सर्व्हरच्या मूळ खरेदी किमतीच्या पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ४०, ३०, २० आणि शेवटी १० टक्के मूल्य धरायचे आणि त्यावर शंभर डॉलरला ४.१५ डॉलर कर (२०२५ चा दर). १० कोटी डॉलरचे सर्व्हर बसवले तर पहिल्या वर्षी २० लाख ७५ हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी १६ लाख ६० हजार, आणि पाचव्या वर्षी ४ लाख १५ हजार. कंपन्या दर तीन ते पाच वर्षांनी सर्व्हर बदलतात, त्यामुळे कर पुन्हा वर चढतो. घरांवरचा दर २०१२ मध्ये शंभर डॉलरला १.२३५ होता, २०२५ मध्ये तो ०.८०५ झाला. सात लाख डॉलरच्या घरावर हा फरक वर्षाला ३,०१० डॉलरचा आहे. घरांच्या किमती मधल्या काळात वाढल्या, म्हणून प्रत्येकाचे बिल तेवढे उतरले असे नाही, पण दर उतरवण्याची ताकद या करातूनच आली.

यात धोकाही आहे. २०२१ च्या आर्थिक वर्षात या कराचा अंदाज चुकला आणि सुमारे सहा कोटी डॉलरचा खड्डा पडला. कंपन्यांनी खरेदी लांबवली तर घसाऱ्याच्या (वरच्या ५०-४०-३० टक्क्यांच्या) तक्त्याप्रमाणे उत्पन्न आपोआप उतरते. २०२२ च्या उन्हाळ्यात वीज कंपनीनेच सांगितले, की पूर्व लाउडनमध्ये नव्या जोडण्यांना पुरेशी वीज पोहोचवता येणार नाही. तारा आणि उपकेंद्रे मागे पडली होती. मार्च २०२५ मध्ये काउंटीच्या मंडळाने डेटा सेंटरला सरसकट मिळणारी परवानगी बंद केली, आता प्रत्येक नव्या प्रस्तावाची जाहीर सुनावणी होते. जागा डेटा सेंटरकडे गेल्याने घरांसाठी जमीन महागली. शाळेचा शिपाई, परिचारिका, बसचालक यांना काउंटीत राहणे परवडत नाही. २०४० पर्यंत १६ हजार घरांचे लक्ष्य काउंटीने ठरवले आहे ते याचसाठी.

आता आपल्याकडे या. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात इमारती तशाच उभ्या राहत आहेत. पण राज्यघटनेच्या राज्यसूचीतला हा कर ‘जमिनी आणि इमारतीं’वर आहे, आणि महापालिकांच्या अधिनियमात तर स्पष्ट म्हटले आहे, की इमारतीतल्या यंत्रसामग्रीची किंमत करपात्र मूल्यात धरायची नाही. लाउडन ज्याच्यावर कर घेते, त्याच्यावर आपली महापालिका एक रुपयाही घेऊ शकत नाही. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर नवी मुंबईत उपकर होता, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्याऐवजी राज्याकडून भरपाई मिळू लागली. ती दरवर्षी ठरलेल्या ८ टक्क्यांनी वाढते. शहरात शंभर सर्व्हर आले काय किंवा एक लाख आले काय, भरपाईत फरक पडत नाही. वीज, पाणी, रस्ते आणि जनरेटरचा धूर मात्र शहराच्याच वाट्याला येतो.

डेटा सेंटर येऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. पण लाउडनचा दाखला देऊन परवानगी मागितली जाते, तेव्हा वार्ताहरांनी आणि नगरसेवकांनी काही गोष्टी लेखी मागाव्यात. मंजूर वीजभार किती मेगावॅट, आणि उपकेंद्राचा खर्च कोणाच्या बिलात जाणार? थंड करण्यासाठी रोज किती पाणी, आणि ते पिण्याचे की सांडपाणी शुद्ध करून? लाउडनमध्ये पुनर्प्रक्रिया केलेल्या पाण्याची वेगळी वाहिनी आहे. डिझेल जनरेटर किती, आणि ते महिन्यातून किती तास चालवून पाहिले जाणार? कायम नोकऱ्या किती, बांधकामापुरत्या किती? आणि शेवटी, महापालिकेला वर्षाला मालमत्ता कर किती मिळणार, तो आकडा रुपयांत. ही पाच उत्तरे बातमीसोबत छापली, तर लाउडनचे उदाहरण जरूर द्यावे.

आपला,
एक वाचक, ऐरोली