शिडी काढून टाका, आणि ओरांगउटान म्हणजे वानर नव्हे

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला उत्क्रांतीवरचा लेख वाचला, लेख ठीकच होता पण सोबतच्या शिडीच्या चित्राने डोकं फिरलं. सगळ्यात वर ओरांगउटान, पार तळाला ब्रायोझोआ नावाचा समुद्रातला बारका प्राणी आणि त्याच्यापुढे 'मागासलेला जीव'. अहो, मागासलेला कशावरून?

मी अलिबागकडचा. होडी वर ओढली की तळाला चिकटलेले तपकिरी झुपके आम्ही शेवाळ समजून खरवडायचो, तेच हे ब्रायोझोआ. पुढे कॉलेजात त्यातलाच एक झुपका समुद्राच्याच पाण्यात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघितला तर आत नुसत्या खोल्याच खोल्या, एकेक मिलिमीटरपेक्षा लहान, आणि प्रत्येकीतून केसांसारख्या सोंडांचा तुरा बाहेर, टेबलाला जरा धक्का लागला की सगळे एकदम आत. आता हा एक जीव म्हणायचा की शेकडो? एकाच पिल्लाला कळ्या फुटत फुटत अख्खी वसाहत होते. काही जातींत कामाची वाटणी पण असते, त्यातले काहीजण म्हणजे नुसती पक्ष्याची चोच, कोणी अंगावर चढायला आलं की कचकन धरणार, पण त्यांना स्वतःला खाता येत नाही, बाकीचे पोसतात. (आमच्या एकत्र कुटुंबात यावरून भांडणं झाली असती.)

गंमत म्हणजे डार्विनने हे दोन्ही बघितलेत. १८२७ मध्ये एडिनबरोत शिकताना, वय १८, त्याने फ्लस्ट्रा नावाच्या ब्रायोझोआची अगदी बारकी पिल्लं आपली आपण पोहतात हे दाखवलं. आणि १८३८ ला लंडनच्या झूमध्ये तो जेनी या ओरांगउटानला भेटला. रखवालदाराने सफरचंद दाखवलं पण दिलं नाही, तर ही पाठीवर पडून पाय झाडत रडायला लागली, अगदी हट्टी पोरासारखी, शहाण्यासारखी वाग मग देतो म्हटल्यावर गप्प झाली आणि मिळाल्यावर खुर्चीत बसून खाल्लं. त्याच्या आदल्याच वर्षीच्या वहीत त्याने लिहून ठेवलंय की एक प्राणी दुसऱ्यापेक्षा वरचा म्हणणं हास्यास्पद आहे. तरी आपण अजून शिडीच काढतोय!

बरं, वरच्या पायरीवर काय चाललंय तेही बघा. ओरांगउटानच्या मादीला ७-८ वर्षांनी एक पिल्लू होतं. सुमात्रातली तपानुली ही जात वेगळी आहे हे २०१७ ला जाहीर झालं तेव्हाच ८०० पेक्षा कमी उरले होते. इकडे ब्रायोझोआ साधारण ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतसुद्धा सापडतात आणि आज जहाजाच्या बुडाला चिकटून फुकटात जग फिरतात.

अजून एक, लेखात ओरांगउटानला 'मोठा वानर' म्हटलंय. आपल्याकडे वानर म्हणजे काळतोंड्या, कौलं फोडणारा, हातभर शेपटीचा. ओरांगउटानला शेपूटच नसते हो.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग