एक दिवसाचं पिल्लू आणि ‘मादी’चा जादा दर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी आमचं गाव आहे. गेली ११ वर्षं मी घरामागच्या परड्यात काळ्या रंगाच्या कडकनाथ जातीच्या आणि गावठी कोंबड्या पाळते. एक दिवसाची देशी पिल्लं ‘सगळ्या माद्याच देतो’ असं सांगून जादा दरानं विकली जातात, ते थांबावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. आमच्या बचत गटातल्या चौघीजणी यात फसल्या. सगळ्यांत आधी मी फसले.

गेल्या वर्षी मेच्या अखेरीस एका विक्रेत्याकडून मी कडकनाथची ६० पिल्लं घेतली. नर-मादी मिश्र पिल्लू ६० रुपये, मादी ९० रुपये. तो माणूस प्रत्येक पिल्लाचा पंख दोन बोटांत पसरायचा, पिसांची टोकं बघायचा आणि ‘ही तलंग’ (म्हणजे अजून अंड्यावर न आलेली मादी) म्हणत खोक्यात टाकायचा. हात इतका सराईत चालायचा की मला शंकाच आली नाही. त्यातली ५४ जगली. आठव्या आठवड्यात काहींचे तुरे वाढायला लागले, तरी मी मनाची समजूत घालत राहिले. बाराव्या आठवड्यात निम्म्यांच्या मानेवरची आणि शेपटीच्या मुळाजवळची पिसं लांब, टोकदार, चकचकीत झाली. तलंगांची पिसं टोकाला गोलसर असतात. त्या दिवशी डाल्याखाली एकेक धरून मोजले. २८ कोंबडे, २६ तलंगा. कोणीही न निवडता सरसकट पिल्लं उचलली असती तरी एवढेच कोंबडे निघाले असते.

कोंबडे विकून टाकावेत म्हटलं, तर श्रावण चालू. शिवाय कडकनाथ हळू वाढतो, सव्वा किलो व्हायला पाच महिने जातात. श्रावण, मग गणपती, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक नाही आणि २८ तोंडांना रोज खाद्य. मादी म्हणून वर मोजलेल्या १८०० रुपयांपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा झाला.

मग मी पशुवैद्यकांना गाठून नीट विचारून घेतलं. पंख बघून नर-मादी ओळखता येते हे खोटं नाही, पण ते ठरवून केलेल्या संकरातच जमतं. लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा नर आणि उशिरा फुटणाऱ्या वाणाची मादी अशी जोडी लावली, तर मादी पिल्लाच्या पंखाची पिसं एक लांब एक आखूड दिसतात, नराची सारखी दिसतात. कडकनाथ, झुंजीची असील जात किंवा आपली गावठी यांच्यात अशी जोडी कोणी लावलेली नसते, मग पंखात दिसणार काय? दुसरी रीत जपानी लोकांनी सुमारे १०० वर्षांपूर्वी बसवली. पिल्लाची विष्ठेची जागा अंगठ्यानं हलकेच उघडून आतला बारीकसा उंचवटा पारखायचा. ते शिकायला महिनोन् महिने लागतात आणि बोट जरा जोरात पडलं तर पिल्लू जातं. बाजारात खोक्याशी उभं राहून ते करताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, अंड्यावर सुई टांगली की कळतं, असंही सांगणारे भेटतात. त्यात काही तथ्य नाही. कोंबड्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं, आणि अंडं बाहेर येण्याआधीच ठरलेलं असतं. अंडी उबवण्याच्या मशीनचं तापमान कमी-जास्त करून ते बदलत नाही.

तेव्हापासून मी पिल्लं विकत आणणं बंद केलं, घरीच काढते. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडचा. २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीच्या रवणाला, म्हणजे तिच्याखाली उबवायला घालायची, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. (अंडी काळी नसतात हो, फिकट बदामी असतात. ‘काळी अंडी’ मागणारे अजून दारात येतात.) सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली अंडी घ्यायची, रुंद बाजू वर करून गार जागी ठेवायची. एका कोंबडीखाली १० ते १२, त्याहून जास्त नको, कडेची गार पडतात. पाटीत राख आणि गवत. सातव्या रात्री दिवे मालवून अंड्याखाली मोबाईलचा टॉर्च धरला की आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसतं आणि मधे काळा ठिपका हलतो. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून अंडं घेऊन डोळ्याशी नेलं होतं. मोबाईल त्यांना चालवता येत नव्हता, पण इतकी वर्षं अंधारात जे हाताच्या वजनावर ओळखलं, ते त्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ज्यात जाळं नाही ती काढून टाकायची. २१ व्या दिवशी टोचा पडतो, म्हणजे पिल्लू आतून कवच फोडायला लागतं.

मशीन वापरणाऱ्यांनी ३७.५ अंश सांभाळावं, अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवावीत, १८ व्या दिवसानंतर फिरवू नयेत आणि तेव्हा ओलावा वाढवावा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून माझा भरवसा खुडूक कोंबडीवरच.

खुराड्याचं थोडक्यात सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी परड्यात शिरलं आणि जमिनीवरचं खुराडं कोंबड्यांसकट गेलं. आता खांबांवर चार फूट उंच बांधलंय, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. खाली भाताचं तूस. ते रोज हलवायचं, ओलं झालं की वास डोळ्यांना झोंबतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. षटकोनी कोंबडी-जाळी मुंगसानं एका रात्रीत फाडली, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घेतली. पैसे जास्त गेले, पण त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही.

कोल्हापुरातच शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथल्या जाणकारांनी तालुक्याच्या गावी एखादा दिवस बसून बायकांना अंडी पारखणं आणि तुरा-पिसांवरून तलंग ओळखणं दाखवावं, ही विनंती. आणि पिल्लं विकणाऱ्यांनी पावतीवर ‘नर-मादी मिश्र’ असं स्पष्ट लिहून द्यावं. ज्यांना तलंगाच हव्यात त्यांनी दहा-बारा आठवड्यांच्या घ्याव्यात, दर जास्त पडला तरी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी तशाच देते. तुरा आणि मानेची पिसं आधी स्वतः बघा म्हणते, मगच पैसे घेते.

आपली,
एक वाचक भगिनी
ता. करवीर, जि. कोल्हापूर