सोलर वॉटर हीटरमधील पाणी उन्हाळ्यात उकळून झालेली इजा व नुकसान यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २०० लिटर सोलर वॉटर हीटर, व्हेंट पाइपला आपल्या सर्व्हिसमनने लावलेले टोपण, त्यामुळे घरातील व्यक्ती भाजणे, टाकी व नळ्या निकामी होणे.

महोदय,

आपल्या कंपनीचा काचेच्या नळ्यांचा सोलर आम्ही जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, आपल्या सोलापुरातील अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. बिल, वॉरंटी कार्ड, दवाखान्याचे कागद आणि गच्चीवर काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. थंडीत या सोलरने उत्तम काम केले, हे आधीच सांगते. पहाटे आंघोळीला बसले की बादलीत वाफाळते पाणी, गीझर बंद, विजेचे बिल खाली. मी स्वतः शेजारच्या दोन घरांना तुमचाच सोलर घ्या म्हणून सांगितले. म्हणूनच पुढचे लिहिताना मला जास्त राग येतो आहे.

एप्रिलच्या शेवटी माझ्या सासूबाईंचा उजवा पाय भाजला. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि बारा महिने त्यांना आंघोळीला कोमट पाणी लागते. सकाळी त्यांनी न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला. आधी नुसताच फुसफुस आवाज आला, पाणी नाही. म्हणून त्यांनी नळ आणखी फिरवला. तेव्हा वाफ आणि पाणी एकदम उसळून बाहेर आले आणि बादलीच्या काठावरून थेट त्यांच्या पावलावर पडले. मी धावत जाऊन शेजारचा गार पाण्याचा नळ सोडला, तर तो गच्चीवरच्या टाकीचा. त्यालाही कोमटच पाणी. शेवटी स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला आणि त्यांच्या पायावर रिता केला. पावलावरची कातडी सुटली होती. अजूनही त्यांना चप्पल घालता येत नाही आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपावे लागते.

हे कशामुळे झाले, ते नीट सांगते, कारण आपल्या माणसांनी आजवर ते सांगितलेले नाही.

सोलरच्या टाकीवर हवा जाण्यायेण्यासाठी जो व्हेंट पाइप असतो, तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवा. आमच्याकडे बसवणाऱ्याने तो आखूड ठेवला. त्यामुळे महापालिकेचे पाणी आले आणि वरची टाकी काठोकाठ भरली की व्हेंटमधून पाणी सांडायचे. मार्चमध्ये गच्चीवर शेवया आणि कुरडयांचे वाळवण घातले होते, त्यावर हे गरम पाणी पडले आणि दोन साड्यांवरचे सगळे वाळवण लगदा होऊन वाया गेले. मी तक्रार नोंदवली. आपला सर्व्हिसमन आला, त्याने पाइप उंच करायच्या ऐवजी व्हेंटच्या तोंडावर प्लास्टिकचे टोपण सोल्युशन लावून घट्ट बसवले आणि "आता एक थेंब सांडणार नाही" म्हणून सही घेऊन गेला. त्या सर्व्हिस स्लिपवर त्याच्याच अक्षरात "व्हेंट कॅप लावली" असे लिहिले आहे. स्लिपची प्रत जोडली आहे, ती कृपया आपण स्वतः पाहावी.

तापल्यावर पाणी फुगते, त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला जी एकच मोकळी वाट होती, ती आपल्या माणसाने बंद केली. मग तो दाब नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या सिलिकॉन रिंगांवर आणि घरातल्या नळावर येणार, दुसरीकडे कुठे जाणार? आणि हा धोका फक्त दिवसाचा नाही. रात्री पाणी थोडे जरी निवले तरी आकसते, तेव्हा टाकीला बाहेरची हवा आत ओढून घ्यावी लागते. व्हेंट बंद असेल तर आत निर्वात होऊन टाकीचा पातळ पत्रा चेपतो. आमची आतली टाकी चेपली आहे, एका बाजूला झिरपते आहे. आम्ही बोलावलेल्या स्थानिक प्लंबरने टोपण काढल्यावर हवा आत ओढली गेल्याचा जो आवाज आला, तो त्याने आणि मी, दोघांनीही ऐकला.

कॉल सेंटरवर मला उत्तर मिळाले, "मॅडम, सोलापूरचं ऊनच तसं आहे, त्याला कंपनी काय करणार?" हे उत्तर मला मान्य नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो. ज्या गावात आपण दुकान मांडून सोलर विकता, त्या गावाचे ऊन आपल्याला विकण्याआधी माहीत असायला हवे.

थंडीच्या हिशेबाने बसवलेला सोलर उन्हाळ्यात का उकळतो, हे समजायला इंजिनीअर असावे लागत नाही. जानेवारीत टाकीत येणारे पाणी समजा २० अंशांचे आहे. दिवसभराच्या उन्हाने त्यात ४० अंशांची भर घातली तर ते ६० होते, आंघोळीला भरपूर झाले. मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणीच ३५ अंशांच्या वर असते. त्यात तेवढीच भर पडली तरी ते ७५ च्या पुढे जाते. शिवाय मेमध्ये गरम पाणी वापरते कोण? आमच्या घरात एकट्या सासूबाई. उरलेले पाणी सोलरच्या टाकीतच राहते आणि त्या टाकीला जाड पफचे, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचे, वेष्टन असल्यामुळे रात्रीतही फारसे निवत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन त्याच तापलेल्या पाण्यावर पुन्हा चढते. सुट्टीत कुटुंब गावी गेले की काय होत असेल, याची कल्पना करावी. ६० अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी जाळते आणि म्हाताऱ्या माणसांची, लहान मुलांची कातडी त्याहून लवकर जळते. यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह मिळतो. तो गरम पाण्यात गार पाणी आपोआप मिसळून नळाला ४५-५० अंशांच्या वर जाऊ देत नाही. सोलर घेताना या व्हॉल्व्हचे नावसुद्धा विक्रेत्याने काढले नाही. काढले असते तर त्याचे पैसे आम्ही आनंदाने दिले असते.

दुसरी तक्रार फुटलेल्या नळ्यांची. वरच्या टाकीतले पाणी संपले आणि सोलरमधले गळून गेले की नळ्या उन्हात कोरड्या तापतात. कोरड्या नळीचे तापमान दोनशे अंशांच्या पुढे जाऊ शकते. त्यात दुपारी पाणी आले की काच तडकते. आमच्याकडे तेच झाले. आपल्या माणसाने यावर "ग्राहकाचा निष्काळजीपणा, वॉरंटी लागू नाही" असा शेरा मारला आहे. साहेब, आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येते आणि कधी येईल ते आमच्या हातात नसते. मध्यरात्री येते, तसे भर दुपारीही येते. उजनी धरणाच्या पाण्याची वाट पाहत इथली घरे उन्हाळा काढतात. पाणी रोज चोवीस तास मिळेल असे गृहीत धरून सोलर बसवायचा आणि नळी फुटली की ग्राहकाला निष्काळजी ठरवायचे, हा न्याय कोणता?

आणि उपाय अवघड होता असेही नाही. त्याच प्लंबरने पाहताक्षणी सांगितले की सोलरला जाणारा पाइप वरच्या टाकीच्या तळाशी घ्यायचा आणि घरातल्या बाकी नळांचा पाइप त्याच टाकीला वीतभर वर घ्यायचा. म्हणजे घरातले नळ बंद पडले तरी सोलरपुरते पाणी टाकीत शिल्लक राहते. तुमच्या माणसाने दोन्ही पाइप एकाच छिद्रातून काढले आहेत.

स्टँडबद्दलही तेच. गच्चीवर पावसाळी पाइप आडवा येत होता, तर तो टाळण्यासाठी स्टँडचे पुढचे पाय विटांवर उचलले. त्यामुळे नळ्या होत्या त्याहून आडव्या झाल्या. सोलापूर साधारण साडेसतरा-अठरा अक्षांशावर आहे. नळ्यांचा कल अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त ठेवला की थंडीतले तिरपे ऊन चांगले मिळते आणि उन्हाळ्यात डोक्यावरच्या उन्हाचा मारा थोडा कमी होतो. इथे विटा लावून नेमके उलटे करून ठेवले आहे.

नळ्या झाकण्याबद्दल तर आपल्याच कंपनीत एकमत नाही. कॉल सेंटरने सांगितले, उन्हाळ्यात अर्ध्या नळ्यांवर कापड टाका. सर्व्हिसमनने सांगितले, काही झाकलेत तर वॉरंटी जाईल. आम्ही कोणाचे ऐकायचे? आमच्या जिल्ह्यात डाळिंबाला उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून शेतकरी बागेवर जाळी टाकतात. तशीच साधी शेडनेट, बांधायला कड्या आणि "मार्च ते जूनमध्ये एवढ्या नळ्या झाका" अशी दोन ओळींची सूचना आपण सोलरबरोबर दिली असती तर हा प्रश्न निम्म्याने हलका झाला असता. आपली माहिती पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. तिच्यात पाणी किती गरम मिळेल याची जाहिरात आहे. ते जास्त गरम झाले तर काय करावे याबद्दल एक वाक्य नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरे आहेत आणि नळ सोडणारी माणसे बहुतेक वेळा घरातली म्हातारी माणसे असतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूच्या वापराबद्दल पुरेशा सूचना आणि धोक्याचे इशारे न देणे हेही त्यात कंपनीच्या जबाबदारीत धरले आहे. आमच्या बाबतीत सूचना दिल्या नाहीत हे एक, आणि कंपनीच्याच माणसाने व्हेंट बुजवला हे त्याहून गंभीर.

माझे म्हणणे असे आहे. चेपलेली टाकी, फुटलेल्या नळ्या आणि सर्व रिंगा विनामूल्य बदलून द्याव्यात. वॉरंटी नाकारणारा शेरा लेखी मागे घ्यावा. व्हेंट पाइप वरच्या टाकीपेक्षा उंच आणि तोंडाशी कायम मोकळा ठेवून बसवावा, स्टँडखालच्या विटा काढून योग्य कल द्यावा, पाइपची जोडणी वर सांगितल्याप्रमाणे करावी आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. सासूबाईंच्या औषधोपचाराचा खर्च जोडलेल्या पावत्यांप्रमाणे द्यावा. नळ्या झाकाव्यात की नाही, किती आणि कशाने, हे मराठीत लेखी कळवावे.

आणखी एक मागणी आमच्या घरापुरती नाही आणि मला तीच सर्वांत तातडीची वाटते. याच सर्व्हिसमनने या भागात आणखी किती घरांचे व्हेंट असे बंद केले आहेत, हे आपल्या सर्व्हिस नोंदींमध्ये सापडेल. शेजारच्या ज्या दोन घरांना मी आपला सोलर सुचवला होता, त्यांपैकी एका घरी काल मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिले. तिथेही तसेच टोपण होते आणि त्या घरात दोन वर्षांचे मूल आहे. त्यांना सांगून आम्ही ते लगेच कापून काढायला लावले. बाकीच्या ग्राहकांना आपण फोन करावा, या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता करावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि दुरुस्तीची तारीख कळवावी. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. पाहणीसाठी येणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करून यावे. कापून काढलेले टोपण आणि तडकलेल्या नळ्यांचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. ते इथेच पाहता येतील, सोबत नेता येणार नाहीत.

कळावे,

आपली ग्राहक,
जुळे सोलापूर
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक जोडलेल्या बिलावर आहे.)