कोविड केंद्रं उठली, केसपेपर कुठे गेले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जन्म-मृत्यू नोंदणीचा २०२१ सालचा अहवाल केंद्र सरकारने जाहीर केला तो थेट २०२५च्या मे महिन्यात. २०१९मध्ये देशात ७६.४ लाख मृत्यूंची नोंद झाली होती, २०२०मध्ये ८१.२ लाख, २०२१मध्ये मात्र हा आकडा १ कोटी २ लाखांवर गेला. सरकारी हिशेबात कोविडचे बळी आजवरचे सगळे मिळून साधारण ५ लाख ३३ हजार. या दोन आकड्यांचा मेळ जाणकारांनी घालावा. मला लिहायचंय ते घरच्यांबद्दल. माणूस नेमकं कसं गेलं हे असंख्य घरांना आजही ठाऊक नाही, आणि जे कागद ते सांगू शकले असते ते कुठे आहेत हेही कुणी सांगत नाही.

माझा थोरला भाऊ दुसऱ्या लाटेत गेला. आमच्या गावात ऑक्सिजनचा बेड मिळेना, म्हणून त्याला शहरातल्या तात्पुरत्या कोविड केंद्रात नेलं. ॲम्ब्युलन्समधून उतरून तो स्वतःच्या पायांनी आत गेला. पिशवीत टॉवेल, चार्जर आणि वहिनीने दिलेले खजूर. सुरुवातीला फोन यायचे, मग नुसते मेसेज: ‘बोललं की दम लागतो’. पुढे तेही थांबले आणि उरला मदत कक्षाचा नंबर. तिथून उत्तर एकच, ‘पेशंट स्टेबल आहे.’ शेवटचा फोन पहाटे आला. वहिनी स्वतः पॉझिटिव्ह, घरातच एका खोलीत. भाच्याला आणि पुतण्याला स्मशानभूमीच्या फाटकापाशी उभं केलं. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. पिशवी आणि मोबाइल परत मिळालेच नाहीत.

आज आमच्याकडे दोन कागद आहेत, आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला. दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, १९६९च्या कायद्यानेच ते त्यावर छापायला मनाई आहे. म्हणजे दादा केंद्राच्या दारातून आत गेला आणि अमुक तारखेला वारला, एवढंच आम्हाला माहीत. मधलं सगळं कोरं.

आईचे प्रश्न अगदी साधे असतात. ‘जेवला होता का गं तो? कुणी होतं का जवळ?’ वहिनीचे प्रश्न अवघड आहेत. व्हेंटिलेटर कधी लावला, की लावलाच नाही? त्या रात्री ऑक्सिजनचा दाब कमी झाला होता का? हा संशय तिच्या मनात उगाच आलेला नाही. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले, दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. टीव्हीवर ते पाहत असताना ज्यांचं माणूस कुठल्या ना कुठल्या वॉर्डात होतं, त्यांच्या डोक्यातून तो विचार जात नाही. नाशिक-विरारच्या दुर्घटनांची निदान चौकशी तरी झाली. जे एकेकटे, गाजावाजा न होता गेले, त्यांचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही.

जे थोडंफार कळलं ते शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांकडून. ते बरे होऊन घरी गेले आणि खटपट करून त्यांनी वहिनीचा नंबर मिळवला. दादाला पालथं झोपायला सांगितलं की तो ऐकायचा नाही, पीपीई किटच्या पाठीवर मार्करने नाव लिहिलेली एक सिस्टर त्याला रागवायची आणि मग चमच्याने खिचडीही भरवायची, असं त्यांनी सांगितलं. ऐकून आई रडली आणि नंतर हसलीसुद्धा. दादा लहानपणापासून हट्टीच. त्या सिस्टरबद्दल, तिच्यासारख्या कंत्राटावर राबलेल्या सगळ्यांबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही.

तोंड पाहायला मिळालं नाही, हे दुःख मात्र टाळता आलं असतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२०मध्येच मृतदेह हाताळण्याच्या सूचना काढल्या होत्या. काळजी घेऊन बॅगेची चेन उघडावी, नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं, स्पर्श न करता होणारे धार्मिक विधी करू द्यावेत, अस्थी गोळा करण्यात धोका नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्हाला हे वर्षभराने कळलं. फाटकावरच्या माणसाला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. ती वेळ गेली, ती परत येणार नाही. केसपेपरचं तसं नाही, ते जपले असतील तर आजही वाचता येतील.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. २०२१च्या रुग्णांची ती तीन वर्षं २०२४मध्येच संपली. ज्या वर्षांत हे कागद मागायचे, त्या वर्षांत लोक हप्ते फेडत होते, मुलांच्या फिया भरत होते, बँकेत वारस नोंदवत होते. आम्ही चौकशी केली तेव्हा महापालिकेतून सांगण्यात आलं, ‘सेंटर एजन्सी चालवत होती, तिकडे विचारा.’ एजन्सीच्या नंबरवर कुणी उचलत नाही. मांडव निघाला, खाटा उचलल्या, मैदान मोकळं झालं. कपाटं कुठे गेली? भंगारात?

‘आता जुनं उकरून काय मिळणार?’ असं जवळचेही विचारतात. कोविडमध्ये गेलेल्यांच्या वारसांना सरकारी मदतीचे पन्नास हजार तर मिळाले ना, हा त्यामागचा न बोललेला भाग. ते मिळाले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ला बजावल्यामुळे, की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही या सबबीवर अर्ज नाकारू नका. पण कागदांना किंमत असते हे सरकारला आपल्यापेक्षा जास्त कळतं. १६ जून २०२०ला राज्याने जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा एका दिवसात १३२८ मृत्यू नव्याने कोविड बळींच्या यादीत आले, त्यातले ८६२ मुंबईतले. तेव्हा नोंदी हाताशी होत्या म्हणून हे जमलं.

आमच्या घराण्यात १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतही माणसं गेली. आजीकडून आम्ही एवढंच ऐकलं, ‘मानमोडीच्या तापात दोघं दीर गेले.’ नावंसुद्धा कुणाला आठवत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी कागद नव्हते, समजू शकते. पण बोटाला लावायच्या यंत्राचा आकडा तासातासाला लिहिला जात होता, त्या काळात गेलेल्या माणसाबद्दलही आम्ही पुढच्या पिढीला एवढंच सांगायचं का?

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ला दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी, अशी तरतूद आली. चांगलं झालं; आमच्यासाठी उशिरा. निदान राज्य सरकारने एक आदेश काढून कोविड काळातल्या मृतांचे केसपेपर, विशेषतः बंद झालेल्या तात्पुरत्या केंद्रांचे, नष्ट करायला मनाई करावी आणि ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ताब्यात द्यावेत. नातं सिद्ध करणाऱ्याला प्रत मिळावी. शक्य असेल तर महिन्यातून एक दिवस एखाद्या डॉक्टरने बसून तो कागद घरच्यांना समजावून सांगावा. डॉक्टरांचं अक्षर आणि त्यातली लघुरूपं आम्हाला काय कळणार? जे कागद आधीच नष्ट झालेत त्यांच्याबाबत तसं लेखी कळवावं. निदान वहिनी वाट पाहायची थांबेल.

आपल्या वाचकांपैकी कुणाला असा केसपेपर मिळाला असेल, तर अर्ज कुठल्या कार्यालयात केला आणि सोबत काय जोडलं, हे त्यांनी याच सदरात कळवावं. आपण ते छापावं, ही विनंती.

– एक वाचक, कराड
(नाव छापू नये)